सोळा दिवसांच्या नोंदी

दामोदर महेंद्रकर चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासत होते. तापमापी, दाबमापी, वजनकाटे. समोरचं यंत्र खरं सांगतंय की नाही हे ठरवायचं आणि खाली सही करायची, एवढंच काम. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. चामराजपेटेत भाजी आणायला जाताना ते पिशवीत अर्ध्या किलोचं पितळी वजन टाकून नेत आणि भाजीवाल्याच्या काट्यावर आधी ते ठेवून बघत. त्यांच्या बायकोला, विद्याबाईंना, याची लाज वाटायची. भाजीवाला मात्र आता त्यांना बघितलं की स्वतःच काटा पुढे सरकवायचा.

सुशांत वैरागडेची आणि त्यांची ओळख गणपतीत, मराठी मंडळाच्या पंगतीत झाली. महेंद्रकरांच्या तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यांच्या मराठीत अर्धं कानडी. सुशांत नागपूरचा, नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला, त्याच्या मराठीत अर्धं इंग्रजी. महादेवपुऱ्यात कंपनी, मारतहळ्ळीत फ्लॅट.

"काका, तुम्ही सायंटिस्ट होता ना?" मठ्ठ्याचा पेला बाजूला ठेवत त्याने विचारलं.

"टेक्निकल ऑफिसर."

"तेच ना. माझी मुलगी बारावीत आहे, आर्या. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांना अप्लाय करतेय. तिचा पाण्यावर एक रिसर्च प्रोजेक्ट आहे. कुणी जाणकार माणसाने बघितला आणि शिफारसपत्र दिलं तर खूप फरक पडेल."

त्याने फोन काढून एक यादी दाखवली. आठ विद्यापीठं, प्रत्येकासमोर एक टक्केवारी. प्रवेशाचा सल्ला देणारा आशय नावाचा एक तरुण त्यांनी लावला होता, त्याने ती काढून दिली होती.

"हे सगळ्यात वरचं. इथे आत्ता आर्याचा चान्स चार टक्के. प्रोजेक्ट नीट बसला आणि मेन्टॉरचं पत्र लागलं की नऊ."

"चार म्हणजे चारच, का तीन ते पाच?" महेंद्रकरांनी विचारलं.

सुशांत हसला. महेंद्रकरांनी गंमत केली नव्हती.

आर्या दर शनिवारी दुपारी येऊ लागली. दोन बस बदलून यायची. उंच, सडपातळ, बोलायला कमी. तिचा प्रोजेक्ट साधा होता आणि महेंद्रकरांना तो साधा होता म्हणूनच आवडला. तिच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येई. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत रोज सकाळच्या पहिल्या टँकरचं ग्लासभर पाणी घ्यायचं, त्यात टीडीएस मीटर बुडवायचा आणि पाण्यात किती क्षार आहेत ते लिहायचं. एकशे सात दिवस. त्यातले मे महिन्यातले तीन दिवस टँकर आला नव्हता, तिथे तिने रेघ मारली होती. पाणी कुठल्या बोअरचं असावं, उन्हाळा चढतो तसे क्षार कसे वाढतात, असं सगळं ती त्यावरून मांडत होती.

"मीटर स्वल्प आण बघू इकडे," पहिल्याच दिवशी ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले होते. दोघांनी जेवणाच्या टेबलावर मिठाचं पाणी करून तो पेनाएवढा मीटर तपासला. तो दोन टक्के जास्त दाखवत होता. आर्याने ते वहीत लिहून घेतलं आणि सगळ्या नोंदी त्या हिशोबाने मांडायला हव्यात का, असं विचारलं. त्या प्रश्नावर महेंद्रकर खूश झाले. रात्री जेवताना विद्याबाईंना म्हणाले, "पोर सरळ आहे."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुशांतच्या ईमेलवरून सगळ्या नोंदींची फाईल आली, मीटरवर दिसले तेच आकडे. एक नोव्हेंबर ही पहिल्या फेरीची शेवटची तारीख होती. पत्र लिहिण्याआधी सगळं एकदा नजरेखालून घालावं म्हणून महेंद्रकर चष्मा लावून बसले. सरासरी बघितली, सगळ्यात कमी आकडा बघितला, मग सगळ्यात जास्त. एक हजार एकशे त्रेचाळीस. तारीख तेवीस एप्रिल.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले. आर्याचा मीटर त्यांच्याकडेच होता. पातेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं, ढवळलं.

"आता काय?" विद्याबाईंनी विचारलं.

"थांब."

त्या मीटरची एक खोड होती. नऊशे नव्व्याण्णवपर्यंत तो एकेक आकडा दाखवायचा. हजाराच्या पुढे गेलं की पडद्यावर तीनच आकडे येत आणि बाजूला 'गुणिले दहा' असं लुकलुकायचं. म्हणजे एकशे चौदा दिसलं की लिहायचं अकराशे चाळीस. त्याच्या पुढचा आकडा अकराशे पन्नास. मधलं काही त्या मीटरला दाखवताच येत नव्हतं. महेंद्रकरांनी मीठ चिमटीचिमटीने वाढवलं, तीनदा करून बघितलं. अकराशे त्रेचाळीस हा आकडा त्या यंत्रातून निघूच शकत नव्हता.

परत येऊन त्यांनी हजारावरच्या सगळ्या नोंदी कागदावर उतरवून घेतल्या. चौतीस निघाल्या. त्यातल्या चोवीस शून्यावर संपत होत्या. दहा संपत नव्हत्या. आणि त्या दहाही चौदा ते सत्तावीस एप्रिल या दोन आठवड्यांतल्या होत्या.

"हिने मनाने लिहिलेत," ते म्हणाले.

विद्याबाई पदराला हात पुसत आल्या, कागदाकडे बघितलं. "खात्री आहे?"

"आकडाच सांगतोय."

"गुरुप्रसादच्या वेळीही आकडाच सांगत होता."

महेंद्रकरांनी कागद खाली ठेवला. गुरुप्रसाद त्यांच्या हाताखाली नवा लागलेला मुलगा होता, तीस वर्षांपूर्वी. त्याची सगळी रीडिंग शून्य नाहीतर पाचावर संपायची. हा खोली सोडून जातो आणि बसल्याजागी आकडे भरतो, असं महेंद्रकरांनी थेट वरच्या साहेबांना लिहून दिलं. चौकशी झाली, गुरुप्रसादची बदली झाली, त्याचं प्रमोशन हुकलं. दोन वर्षांनी कळलं की त्या उपकरणाची पट्टी मधे कधीतरी बदलली होती, आणि नव्या पट्टीवर पाच-पाचच्याच खुणा होत्या. मुलाने जे दिसलं ते लिहिलं होतं. महेंद्रकरांनी त्याला पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही.

म्हणून त्यांनी दुसऱ्या शक्यता शोधल्या. तीनदा मीटर बुडवून सरासरी काढली असेल तर? अकराशे चाळीस, अकराशे चाळीस, अकराशे पन्नास, सरासरी अकराशे त्रेचाळीस. येऊ शकतं. त्यांनी आर्याला फोन लावला.

"एका दिवसाला किती वेळा मीटर बुडवायचीस?"

"एकदाच." मग लगेच, "का?"

"सहज. तुझी ती वही बघायला मिळेल का?"

"ती आशय सरांकडे आहे, आजोबा. त्यांना पानं स्कॅन करायची होती."

'का' जरा घाईने आलं होतं, आणि वही नेमकी आत्ताच दुसऱ्याकडे होती. महेंद्रकरांना दोन्ही गोष्टी आवडल्या नाहीत.

संध्याकाळी आशयचाच फोन आला. आवाज मोकळा, आर्जवी.

"सर, तुमचा वेळ जाऊ नये म्हणून पत्राचा ड्राफ्ट मी करून पाठवतोय. तुम्ही फक्त वाचून अपलोड करायचं."

"वही तुमच्याकडे आहे का?"

"होती. आजच परत दिली. पण सर, वही कुणी मागत नाही. फाईल पुरते."

ड्राफ्ट आला. चौतीस वर्षांच्या कारकिर्दीत मी असा विद्यार्थी पाहिला नाही, असं त्यात महेंद्रकर म्हणत होते. त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थी नव्हतेच. खाली एक वाक्य होतं: गंभीर आजारपणातही हिच्या नोंदींत एका दिवसाचा खंड पडला नाही.

आजारपण? आठ शनिवार मुलगी घरी येत होती. आजारपणाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणाला न सांगता, महेंद्रकर बसने मारतहळ्ळीला गेले. सोसायटीच्या फाटकावर सिक्युरिटीचा सुपरवायझर बसला होता, मंड्याकडचा, पन्नाशीचा. महेंद्रकरांनी कानडीत गप्पा सुरू केल्या. पाण्याचा विषय काढला. उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात, कुठून येतात. त्यांची कानडी ऐकून माणूस खुलला. आत येणाऱ्या गाड्यांचं रजिस्टर असतं का, असं विचारल्यावर त्याने खालच्या खणातून एप्रिलचं रजिस्टर काढून दिलं.

रोज पहाटे सहाच्या सुमाराला पहिला टँकर. गाडीनंबर, वेळ, सही. सतरा एप्रिल, आहे. अठरा, नाही. एकोणीस, नाही. वीस, नाही. एकवीसला परत सहा वाजून दहा मिनिटांनी.

"हे तीन दिवस?"

"बंद होता, सर. टँकरवाल्यांचा. लोक बादल्या घेऊन खाली उतरले होते. मोठा गोंधळ."

महेंद्रकरांनी खिशातून एप्रिलच्या सगळ्या नोंदींचा कागद काढला. अठरा एप्रिल, एक हजार सत्त्याऐंशी. एकोणीस, नऊशे बासष्ट. वीस, एक हजार एकशे एकवीस. जे पाणी आलंच नव्हतं त्याचे क्षार.

"काका? तुम्ही इथे?"

मागे आर्याची आई, स्मिता, उभी होती. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. तिची नजर महेंद्रकरांच्या चेहऱ्यावरून उघड्या रजिस्टरवर गेली आणि तिथेच राहिली.

"इकडे काम होतं," ते म्हणाले.

"वर चला ना. आर्या येईलच शाळेतून."

वर गेल्यावर तिने पोहे केले, लाडू काढला, पंखा वाढवला, परत कमी केला. भिंतीवर आशयची ती यादी छापून लावली होती. वरच्या नावासमोर चाराचे नऊ झाले होते.

"एप्रिलमध्ये आर्या आजारी होती?" महेंद्रकरांनी विचारलं.

"डेंग्यू. प्लेटलेट्स बावीस हजारांवर आल्या होत्या. आठ दिवस ॲडमिट होती, पुढे घरीच झोपून." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती.

"मग पाणी कोण मोजायचं?"

"सुशांत बघायचा ते." आणि लगेच, "चहा ठेवू का कॉफी?"

महेंद्रकरांच्या मनात आता तीन माणसं होती. मुलीने भरले, बापाने भरले, की त्या आशयने रिकाम्या जागा बघून कुणाला काही न विचारता भरले? आणि ज्याने कुणी भरले, ते बाकीच्या दोघांना माहीत होतं का? स्मिताला काहीतरी माहीत होतं, एवढं नक्की. पोह्यांवर तिने खोबरं दोनदा घातलं होतं.

आर्या आली. आजोबांना बघून तिचा चेहरा उजळला. वहीचं नाव काढताच आत जाऊन वही घेऊन आली. "काल परत मिळाली." निळ्या पुठ्ठ्याची साधी वही, पानांवर पाण्याचे डाग. अकरा एप्रिलपर्यंत तिचं अक्षर. मग एक पान जवळजवळ कोरं, मधोमध ओळ: बारा ते सत्तावीस, बाबांनी घेतल्या, फाईलमध्ये बघणे. अठ्ठावीसपासून परत तिचं अक्षर, पहिले काही दिवस जरा वाकडं.

"मला सांगितलं नाहीस कधी."

"पत्रात माझ्या आजाराची दया येऊ नये म्हणून." ती थोडी लाजली. "पण निबंधात लिहिलंय. तुम्ही वाचाल?"

तिने फोन पुढे केला. विद्यापीठांना पाठवायचा साडेसहाशे शब्दांचा निबंध, इंग्रजीत. महेंद्रकर हळूहळू वाचत गेले. सलाईन लावलेली मुलगी. दवाखान्यातून रोज पहाटे बाइकने घरी जाणारा, ग्लास घेऊन टँकरपाशी उभा राहणारा आणि परत येऊन तिच्या कानाशी आकडा सांगणारा बाप. ज्याला रसायनशास्त्र शाळेतही जमलं नव्हतं, त्याने माझी वही माझ्यासाठी चालू ठेवली, असं तिने लिहिलं होतं. शास्त्र म्हणजे काय हे मला त्या सोळा सकाळींनी शिकवलं, असंही. चांगलं लिहिलं होतं. आशयचा हात त्यात कुठे दिसत नव्हता.

वाचून त्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात स्मिता उभी होती. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको.

"छान आहे," महेंद्रकर म्हणाले. "निघतो मी. पत्राचं बघतो."

आर्या लिफ्टपर्यंत आली. "आजोबा, काहीतरी झालंय. फोनवर तुम्ही मीटर किती वेळा बुडवते असं का विचारलं होतंत?"

लिफ्ट आली. त्यांनी दार धरून ठेवलं. आपण आत्ता गप्प बसलो तर पत्र जाईल, निबंध जाईल, आणि मुलीला काही कळणारही नाही. कदाचित नऊ टक्क्यांतून ती निवडलीही जाईल. तिच्याकडे बघताना त्यांच्या मनात अजून एक शंका होती, हिला हे खरंच माहीत नाही का, आणि तीही त्यांना तपासून हवी होती.

"फाईल उघड," ते म्हणाले. "एप्रिलमधले हजारावरचे आकडे बघ. शेवटचा आकडा बघ."

"शेवटचा म्हणजे?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा चेहरा बदलला. महेंद्रकरांनी दार सोडलं. खाली येईपर्यंत त्यांना कळलं नाही की आपण सांगितलं, का सांगायचं टाळलं.

सुशांत दुसऱ्या दिवशी सकाळी आला, ऑफिसला न जाता. दारातच चपला काढत म्हणाला, "काका, मला आधी विचारायचं होतंत."

"बस."

"तिला का? मला फोन करायचा. मी सांगितलं असतं."

"मला वाटलं तिनेच केलंय," महेंद्रकर म्हणाले. "म्हणून तिलाच विचारायला आलो होतो. घरून निघताना तुझं नाव मनात नव्हतं."

हे ऐकून सुशांत खाली बसला. विद्याबाईंनी पाणी आणून ठेवलं, ते त्याने घेतलं नाही.

"पहिले दोन दिवस मी खरंच गेलो," तो म्हणाला. "बारा आणि तेरा. चौदाला प्लेटलेट्स घसरल्या. डॉक्टर रक्त चढवायचं बोलून राहिले होते. मी हललोच नाही तिथून. आणि ही शुद्धीत आली की पहिलं काय विचारते, बाबा, रीडिंग घेतलं? काय सांगणार होतो मी? म्हटलं घेतलं. किती आलं? म्हटलं एक हजार तीस. तिला बरं वाटलं. झोपली."

"आणि पुढे?"

"पुढे रोज. घरी आल्यावरही. तोंडाने सांगितलेले आकडे लक्षात थोडेच राहतात? फाईल करायची वेळ आली तेव्हा मी फॉर्म्युला टाकला. साडेनऊशे ते साडेअकराशेमधला कुठलाही आकडा काढ म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"ते समजलं," महेंद्रकर म्हणाले. "आजारी पोरीला खोटं सांगितलंस, तिथे मीही सांगितलं असतं. पण निबंध कधी वाचलास?"

"सप्टेंबरमध्ये."

"मग?"

"आशय म्हणाला, हा निबंध जबरदस्त आहे. चाराचे नऊ त्या निबंधाने झाले, काका. तुमच्या पत्राने नाही. मी म्हटलं, आता कशाला. आता कुणाचं काय नुकसान आहे? रोज वाटायचं सांगावं. स्मितापण म्हणायची. मग तारीख जवळ आली."

"आर्या काय म्हणाली?"

"काहीच नाही. फाईल घेऊन समोर आली, विचारलं, अठरा तारखेला टँकर आला होता? मी म्हटलं नाही. परत खोलीत गेली."

एक नोव्हेंबर आर्याने जाऊ दिला. सोळा ओळी काढून टाकल्या, अगदी पहिल्या दोनही, कारण त्या खऱ्या आहेत असं फक्त बाबा म्हणत होते. अठ्ठ्याऐंशी नोंदी उरल्या. निबंध फेकून दिला. मग अर्जातलं प्रत्येक वाक्य तपासायला घेतलं. सरकारी शाळेतल्या मुलांना तिने चाळीस तास शिकवलं होतं, अर्जात एकशे वीस होते. बुद्धिबळात शाळेतून तिसरी आली होती, अर्जात विभागातून होतं. आशय म्हणाला, सगळेच थोडं वर ओढतात, वाचणाऱ्यांनाही ते माहीत असतं. ती म्हणाली, मग ते माझं काय खरं धरतील?

हे ती महेंद्रकरांना नोव्हेंबरच्या एका शनिवारी सांगत होती. त्यांनी मधेच विचारलं, "तू ती फाईल महिनाभर बघत होतीस. मीटर तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दिसलं नाही तुला?"

ती वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडत राहिली. "मी ग्राफच बघत होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "माहीत नाही, आजोबा. बघितलं असतं तर दिसलं असतं."

त्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही.

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. पाऊण पान. मीटर कसा तपासला, चूक किती निघाली, मुलीने काय प्रश्न विचारले. शेवटी लिहिलं: सोळा नोंदी विश्वासार्ह नाहीत असं लक्षात आल्यावर तिने त्या स्वतः काढून टाकल्या. आर्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा."

पण पत्रात काय येणार हे आशयला कुठूनसं कळलं, आणि त्याचा फोन आला. तो खूश होता.

"सर, ते शेवटचं वाक्य कमाल आहे. अशी गोष्ट त्यांना फार आवडते. थोडं खुलवता येईल का? वडिलांशी झालेला संघर्ष वगैरे? यावर तर नवा निबंध होईल."

महेंद्रकरांनी फोन ठेवला आणि संध्याकाळभर त्या वाक्याकडे बघत बसले. वाक्य खरं होतं. आणि आता तेच विकायला चांगलं होतं. आर्या 'लिहा' म्हणाली तेव्हा तिला हे माहीत होतं का? इतकी हुशार मुलगी, माहीत नसेल कसं? हा विचार मनात आल्याबरोबर त्यांना स्वतःची शरम वाटली, पण विचार गेला नाही.

"तिलाच विचारा," विद्याबाई म्हणाल्या. "साहेबाला नको. बापाला नको. तिला."

त्यांनी फोन केला. आशय काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं.

"मग काढा ते वाक्य," आर्या म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी नोंदी आहेत, तेवढंच राहू दे."

"नक्की?"

"मी ते त्यांच्यासाठी केलेलं नाही."

"सरी, ठीक आहे," महेंद्रकर म्हणाले. वाक्य काढलं. पत्र अर्ध्या पानाचं झालं.

मार्चअखेरीला निकाल आले. आठपैकी सहांनी नाही म्हटलं, सगळ्यात वरच्यानेही. एकाने प्रतीक्षायादीत ठेवलं. एकाने घेतलं. त्याच्यासमोर आशयच्या यादीत एकतीस टक्के होते. नाव मोठं नव्हतं, पण पाण्यावर काम करणारा त्यांचा विभाग चांगला होता, फीमध्ये बरीच सूटही मिळत होती. पहिला निबंध गेला असता तर काय झालं असतं, हे सुशांतने एकदा आशयला विचारलं. आशय म्हणाला, सांगता येत नाही. महेंद्रकरांना वाटलं, या माणसाने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरोबर माप सांगितलं.

ऑगस्टमध्ये निघण्याआधी आर्या नमस्कार करायला आली. सोबत सुशांत होता. तो खाली गाडीतच बसून राहणार होता, पण विद्याबाई खाली जाऊन त्याला घेऊन आल्या. आर्या आत विद्याबाईंशी बोलत होती. सुशांत महेंद्रकरांसमोर बसला. वर्षभरात त्याच्या कानांजवळचे केस पिकले होते.

"बोलते का तुझ्याशी?" महेंद्रकरांनी विचारलं.

"बोलते. सगळं नीट बोलते. हसतेपण." तो आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त मी काहीही सांगितलं ना, की ती बघून घेते. विमान किती वाजता, व्हिसाचा कागद कुठला, बाहेर पाऊस आहे का. माझ्यासमोरच बघते. लपवत नाही."

आयुष्यभर महेंद्रकरांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"बघू दे," ते म्हणाले. "कधीतरी बघायची थांबेल."

"थांबेल?"

"सांगता येत नाही."

आर्या बाहेर आली. तिने दोघांना वाकून नमस्कार केला. विद्याबाईंनी तिच्या हातात चकलीचा डबा दिला, विमानात चालतो का हे कुणालाच माहीत नव्हतं.

"निघू या," सुशांत म्हणाला. "आता नाही निघालो तर रिंग रोडला दोन तास अडकू."

आर्याने फोन काढला, नकाशा उघडला, क्षणभर बघितलं.

"हो," ती म्हणाली, "आहे ट्रॅफिक." आणि चपला घालायला लागली.